पाचाचे सात

सोम. ९ नोव्हें. ८१
खांदा ठणकतोय. एकीनंच धावणं, उड्या, फेक सगळं करायच्या स्पर्धेत पाच प्रकार होते तोवर मी जिल्ह्यात पहिली. यंदा सात केलेत, नि त्यात नेमका भाला! कॅम्पच्या मैदानावर आजही आडवाच पडत होता. सर म्हणाले, "भाल्यात सांभाळ, बाकीच्यांत भरून काढ." सांगायला काय जातं! राज्याच्या संघात एकच जागा. चोविसावं लागलंय, पुढच्या वर्षी घरचे थांबायचे नाहीत.

गुरु. १२
बाबांनी नामपूरच्या पाहुण्यांना रविवारी बोलावलंय. मला बघायला. वर हसत म्हणतात, "शनिवारी तुझी स्पर्धा उरकतेच." पाच प्रकार एका दिवसात व्हायचे, सातांना दोन दिवस लागतात, हे त्यांच्या गावीही नाही. दरवर्षी ८०० मीटरला शेवटच्या वळणावर उभं राहून घसा फोडणारे हेच बाबा! पत्र पोचेपर्यंत पाहुणे निघालेले असतील. आई म्हणते, "शब्द गेलाय, आता काय?"

शनि. १४
हर्डल्स, उंच उडी, गोळा, २००. चार प्रकारांनंतर मी पहिली! उरलेले तीन उद्या, हे घरी सांगितलं. बाबा जेवले नाहीत. मी आचवताना एवढंच म्हणाले, "उद्या किती वाजता?" राग येतो नि कीवही. जाणार. होईल ते होवो.

रवि. १५, मैदानावर
लांब उडी बरी. भाला... जाऊ दे. दुसरी आहे. ८०० बाकी, त्यात पहिलीला बरंच मागे टाकायला हवं.

आत्ता बाबा आले, पाहुण्यांना घेऊनच! मी चड्डीवर, गुडघ्याला वाळू. "जयभीम" म्हणताना हात ओढणी चाचपायला गेला, ओढणी कुठली! मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. त्याच्या आईनं विचारलं, "आते कितलं ऱ्हायनं?"

"एकच. दोन फेऱ्या," बाबा म्हणाले.

"नि लगीन झायावर हाई बंद व्हई ना?"

एरवी बाबा चटकन हो म्हणून मोकळे होतात. आज माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "धावून आले की सांगते."

नाड्या बांधल्या. पाहुणे बाकावर बसलेत, बाई अजून माझ्याकडेच बघतायत. बाबा त्यांच्यात नाहीत. शेवटच्या वळणावर जाऊन उभे राहिलेत.