तीन नंबरचा दरवाजा

प्रिय ऱ्हस्वदीर्घ,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. शाळेत माझ्या वहीतल्या वेलांट्या तूच सुधारायचीस, आणि कविता म्हणताना तिसऱ्या कडव्यावर माझी गाडी अडली की मागच्या बाकावरून हळूच ओळ पुरवायचीस ती तूच. पत्ता तुझ्या धाकट्या भावाने दिला. आज माझं डोकं असं तापलंय की तुला लिहिल्याशिवाय थंड व्हायचं नाही.

आपलं शहरातलं जंगल आठवतं ना? त्याला यंदा शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त त्याला नटवलंय की त्याची थट्टा केलीय, देव जाणे. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या, फुलपाखरांसाठी काचेचं घर, शेंड्यांवरून झुलता पूल, आणि पाण्याच्या जुन्या टाकीवर चढायला ही मोठी रांग! आपण पाठांतर करायचो त्या झाडांवर भोंगे बांधलेत. त्यातून पाखरांची किलबिल ऐकवतात. पहारेकऱ्याला म्हटलं, बाबा रे, हे कशाला? तर म्हणतो, आजोबा, खरी पाखरं वेळेवर ओरडत नाहीत.

तेही गिळलं. पण तिथे इतिहासाचा एक फलक आहे. चष्मा पुसून सबंध वाचला. शहराला पाणी देणाऱ्या तळ्याचा काठ ढासळू नये म्हणून आधी झाडं लावली, त्यांचं जंगल झालं, मग ते लोकांना खुलं केलं. इथवर ठीक. खाली मात्र, तू नोकरीसाठी परगावी गेलीस त्या वर्षाची एक ओळ होती. एक जूनला रोपवाटिकेकडे नवा दरवाजा उघडला आणि सर्व दरवाज्यांचे क्रमांक बदलण्यात आले. टाकीजवळचा तीन नंबर झाला चार, नवा झाला तीन. बस, एवढंच! जसं काही कॅलेंडरचं पान उलटलं.

तसाच कचेरीत शिरलो आणि टेबलावर छत्री आपटली. कोणाला विचारून बदललेत नंबर? कारकून म्हणाला, आजोबा, तेव्हा माझे वडील पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते, मी काय सांगू? आणि तक्रारवही पुढे सरकवली. पाणी, कचरा, स्वच्छतागृह, इतर. मी ‘इतर’मध्ये लिहू लागलो, तर जागा दोनच ओळींची!

उरलेली तक्रार तुलाच लिहितोय. पाच जूनसाठी तुझी चिठ्ठी आली होती, ‘संध्याकाळी पाचला, तीन नंबरचा दरवाजा.’ दुसऱ्या दिवशी तू जाणार होतीस, आणि मला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं. कुलूप लागेपर्यंत मी टाकीजवळच्या दरवाज्यात उभा होतो. मान वर करून पाटी कशाला बघू, तीन नंबर मला तोंडपाठ! तू आली नाहीस म्हणून रुसलो, तो बावन्न वर्षं. साधं पोस्टकार्ड टाकून विचारलं नाही. पण तू तर पाटी वाचल्याशिवाय पाऊल न टाकणारी. त्या दिवशी तू दुसऱ्या दरवाज्यात उभी होतीस का गं? असशील, तर नुसतं ‘हो’ लिहून पाठव. नसशील, तर काहीच लिहू नकोस. मी त्या पाटी रंगवणाऱ्यांवरच रागावून राहीन.

तुझाच,
तिसऱ्यावर अडलेला