फुगूचे दात

तुझं पत्र दारातून आत पडलं तेव्हा माझ्या डाव्या हातात ओल्या फडक्यात धरलेला जिवंत फुगू मासा होता आणि उजव्या हातात नखं कापायची कात्री. म्हणून उत्तराला दोन दिवस उशीर, ताई. आता हात धुऊन नमस्कार करतो. तुझा गुडघा कसा आहे? लॉजवर पाहुणे येताहेत ना? इथे शिमोनोसेकीला थंडी फार, पण आम्ही दोघं ठीक आहोत. (फुमियो दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तब्येत मात्र उत्तम.)

तुला ठाऊकच आहे, छत्तीस वर्षं मी हॉटेलात फुगू कापला. विषारी काळीज वेगळं, मांस वेगळं. माझ्या हातून कोणी मेलं नाही, माशांखेरीज. निवृत्त झाल्यावर वाटलं, एक तरी जगवावा. घरात फुमियोची प्रवाळाची टाकी होतीच (सहा वर्षं तिने ती पोरासारखी सांभाळली आहे). मासेवाला हिराओका म्हणाला, "काका, प्रवाळात हा नको. आधी कोळंबी खाईल, मग शंख, मग प्रवाळ कुरतडेल."

"मला फुगू शिकवतोस?"

"तुम्हाला मेलेला ठाऊक आहे, काका."

असं ऐकल्यावर माणूस मासा परत कसा ठेवणार? घेतला.

पहिल्या आठवड्यात कोळंब्या गेल्या, दुसऱ्यात शंख. मी हरलो नाही. पोट भरलेलं असेल तर चावणार नाही, असं ठरवून रोज शिंपल्यातल्या तिसऱ्या आणल्या. त्या सोलून, हाताच्या सवयीने, पलीकडचं दिसेल इतक्या पातळ कापल्या आणि बशीत फुलासारख्या मांडल्या. (बशी त्याला दिसत नाही, हे फुमियोने सांगितलं.) तीन महिने तो मजेत जेवला. प्रवाळाला तोंड लावलं नाही. हिराओकाला हे मी फोन करून दोनदा कळवलं. मग एक दिवस त्याचं तोंड मिटेना. या माशाचे दात जन्मभर वाढतात आणि कवचं फोडूनच झिजतात.

"मऊ मऊ भरवून तुम्हीच वाढवलेत ते," फुमियो म्हणाली. "आता उपाशी मरेल तो. करा काहीतरी!"

म्हणून कात्री. पातेल्यात टाकीचं पाणी घेतलं, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले. तो सुस्तावला. फडक्यात धरला तर अंगठा आपोआप कल्ल्यामागे गेला, जिथे सुरी लावतात तिथे. हात आवरावा लागला. चार तुकडे पडले. (एक माझ्या नखाचा.) मग त्याला टाकीत सोडलं. ताई, मासा हातातून परत पाण्यात सोडायची ही माझी पहिलीच वेळ. तो तळाशी आडवा पडून राहिला. फुमियोने माझी बाही घट्ट धरली होती. बऱ्याच वेळाने कल्ला हलला.

संध्याकाळपर्यंत त्याने तिचं हिरवं प्रवाळ बुडापासून खाल्लं.

"रविवारपर्यंत टाकीत तो तरी राहील, नाहीतर माझं प्रवाळ तरी," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्याच्या बाजूने असाल तर तुमचीही सोय बघा." तेव्हापासून गप्प आहे.

मी मागे हटणार नाही. टाकीत मधोमध काचेची भिंत घालीन, रात्रंदिवस पहारा करीन, पण प्रवाळाच्या टाकीत फुगू राहतो हे सिद्ध करून दाखवीन.

तुझा धाकटा भाऊ,
तोकुजी

ता. क. तुझ्या लॉजच्या दालनातली काचेची टाकी जिवंत माकूल मासे मिळेनासे झाल्यापासून रिकामीच आहे ना? पाणी कोमट ठेवायचा हीटर मी घेऊन येतो. तिथे प्रवाळ नाही, ही मोठीच सोय.

दुसरा ता. क. तुझ्या लॉजवर फुगू कापायचा परवाना एकाकडेही नाही, म्हणून तुलाच विचारतो. तरी भाऊजींना त्याच्याजवळ एकटं सोडू नकोस.

शनिवार, सकाळ. पत्र पेटीत टाकलं नाही. मी उठलो तेव्हा फुमियोने मासा झाकणाच्या बादलीत घालून दाराशी ठेवला होता. ती म्हणाली, "गाडी आठ दहाला आहे." मी आणि मासा गाडीत बसलो आहोत. पत्र हातीच देतो.