तुलपार टॉकीजचा आवाज

३ ऑक्टोबर, शुक्रवार
बंद! व्यवस्थापक सुयुनबायनं चहात साखर ढवळत सांगून टाकलं — "एजे, एकतीस तारखेला तुलपार बंद. मालकांनी जागा फर्निचरवाल्याला दिली." एजे, म्हणजे ताई; इथं सगळ्यांची मी एजेच. सव्वीस वर्षं या हॉलमध्ये माइकवर बसून रशियन सिनेमा किर्गिझमध्ये बोलतेय. नायक मी, नायिका मी, खलनायकही मीच. सुयुनबाय म्हणतो, "मॉलमध्ये पाच पडदे. आपल्याकडे काल अकरा माणसं!" खरं आहे. तरी राग आलाच.

५ ऑक्टोबर, रविवार
तेमिरकानदादा आले. तिसरी रांग, कडेची खुर्ची. रेशीम गिरणीतल्या अपघातात त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. त्यांच्यासाठी मी संवादांच्या मध्ये थोडं वरचंही घालते — आता ती खिडकीशी गेली, आता त्यानं बूट काढले. लोक चिडवतात, "एजे, आम्हाला दिसतंय!" चिडवू देत.
बंद होणार हे त्यांना सांगायला जीभ रेटली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
सून मॉलमध्ये घेऊन गेली. खुर्ची अशी मऊ की डुलकीच लागावी. पडदा भिंतभर. पण कुणी कुणाशी बोललं नाही! आमच्याकडे खलनायक आला की सूर्यफुलाच्या बियांची टरफलं उडायची. नायिका रडली की मागच्या बायका एकमेकींना रुमाल द्यायच्या. एकदा ऐन रंगात वीज गेली. कुणी उठेना. मग पुढची गोष्ट मीच रचून सांगितली. वीज आल्यावर शेवट भलताच निघाला! लोक म्हणाले, "तुमचाच बरा होता."
सुनेनं विचारलं, "आवडलं ना?" हो म्हटलं. तिनं हौसेनं नेलं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सांगितलं एकदाचं. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
"मॉलमध्ये कोण बोलतं?"
"कुणी नाही, दादा."
"मग मी तिथं जाऊन काय करू?"

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
शेवटचा खेळ. हॉल तुडुंब! भिंतीला टेकून उभे होते लोक. एक बाई गळ्यात पडली — "आमचं लग्न इथंच जमलं, एजे!" फोटो काय, फुलं काय. इतके दिवस कुठं होतात रे सगळे?
शेवटच्या संवादाला माझा घसाच बसला. लोकांना वाटलं, नायिका रडतेय.

२ नोव्हेंबर, रविवार
राहवेना. दादांना हाताला धरून मॉलमध्ये नेलं. मी त्यांच्या कानाशी पुटपुटत होते, तर पाच मिनिटांत "शूऽऽ!" मग दुसरीकडून. मग रखवालदार — "एजे, लोक तक्रार करतायत." अर्ध्यातून उठलो. जिन्यात दादा म्हणाले, "त्या नायिकेनं ते पत्र उघडलं का, तेवढं सांग." मला तरी कुठं ठाऊक!
लाज वाटली. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

९ नोव्हेंबर, रविवार
दादांनीच निरोप धाडला — "जायचं ना?" पुन्हा गेलो. अगदी दबक्या आवाजात सुरुवात केली. पुढच्या रांगेतली म्हातारी गर्रकन वळली, तिच्यामागोमाग तिच्यासोबतच्या दोन्ही सुना. आली पुन्हा तक्रार, म्हटलं!
"आम्ही अलायच्या डोंगरातल्या, खेड्यातल्या," म्हातारी म्हणाली. "रशियन समजत नाही. मोठ्यानं बोल की गं!"