सौरदिव्याची बॅटरी

नाशिक, १२ मार्च २००४

आज पेठकडच्या त्या पाड्यावरच्या दवाखान्यात शेवटचं जाऊन आलो. चार वर्षांपूर्वी आमच्या तेल कंपनीचे सौरदिवे तिथे मीच बसवले होते. तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, उद्याची ऊर्जा आम्हीच देणार. आता सौर विभागच बंद. नवी बॅटरी मिळणार नाही, हे सांगायला मात्र मलाच पाठवलं.

सिस्टर नुकतंच एक बाळंतपण आटोपून हात धूत होत्या. खाटेशेजारी चिमणी धुरकट जळत होती.

"भाऊ, बॅटरी आणली का?"

सांगून टाकलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा रॉकेल. तेही तुमचीच कंपनी विकते ना?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मला काढलेलं नाही. सोमवारपासून डिझेल विभागात घेतलंय. बदलीचं पत्र वाचून हायसं वाटलं होतं, याचीच आता लाज वाटते.

निघताना सिस्टरांनी काळजीने विचारलं, "तुमची नोकरी तर नाही ना गेली?"

मी गप्प राहिलो. गेलीच, असं समजून त्यांनी मला बसवलं, चहा करून दिला. आणि मी तो प्यालो.