हातात सातशे

मंगळवार, २ फेब्रुवारी २०२१

सई आज माझ्याकडे आलीच नाही. मी दोन्ही हात पुढे केले, तर जोसेफिनच्या मानेत तोंड खुपसून बसली. दहा महिन्यांची पोर! हॉस्पिटलमधून घरी आल्यावर हिला पहिली आंघोळ मी घातली. सईला सांभाळायला जोसेफिन यायला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत.

रुचाचं म्हणणं — ‘आई, तुझा गुडघा असा, गाडी तुला येत नाही. टूवूंबात गाडीशिवाय पान हलत नाही. सईला मध्येच काही झालं तर तू काय करणार?’ तिची एक्स-रे डिपार्टमेंटमधली शिफ्ट सुटत नाही. डे-केअरवाले नाक गळलं तरी कोविडची टेस्ट करून आणा म्हणतात. जावई धवल तिकडे पर्थच्या बाजूला खाणीवर, आणि पर्थला परत लॉकडाउन. सगळं कबूल. पण मी आहे ना घरात? तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात आले होते, विमानं बंद पडली, अकरावा चालू आहे. ठाण्याचा फ्लॅट कुलपात, मी इथे, आणि नात परक्या बाईच्या कडेवर.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

परकी तरी कशी म्हणू. वसईची आहे, मराठी बोलते. मुलगा इथे गॅरेजमध्ये आहे, त्याच्याकडे येऊन पाच वर्षं झाली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एका हाताने गाडी रिव्हर्स घेते.

मला तिचं सगळंच खुपतं. सईला झोपवताना गुणगुणते तेसुद्धा.

रविवार, ७ फेब्रुवारी

परवा रुचा शिफ्टवरून आली. सई झोपलेली. ती आणि जोसेफिन ओट्याशी उभ्या राहून चहा पीत होत्या. मी बाथरूममधून आले तर रुचा सांगत होती, धवलशी फोनवर कसं भांडण झालं, नंतर ती पार्किंगमध्ये बसून कशी रडली. मला पाहून गप्प. ‘काही नाही गं आई.’

मला नाही सांगितलं. तिला सांगितलं.

सईचं एक वेळ समजून घेईन.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

रुचा म्हणाली, ‘आई, तू एवढी वर्षं पगारपत्रकं केलीस, मला एक हिशोब करून दे. मी जोसेफिनला आठवड्याला सातशे डॉलर हातात कबूल केलेत. पण इथे टॅक्स आपण कापून भरायचा असतो. म्हणजे कागदावर किती पगार दाखवायचा?’

एकोणतीस वर्षं पगार विभागात काढली. आमच्याकडे पगार ठरलेला, कपाती व्हायच्या, उरेल ते हातात. इथे उलटं. हातातलं ठरलेलं, वरचा आकडा शोधायचा. टॅक्स खात्याच्या साइटवर आकडे घालत बसले. साडेसातशे — कमी पडतात. आठशे वीस — जास्त. आठशे — एक डॉलर कमी. आठशे एक घातले, एकशे एक कापले गेले, बरोब्बर सातशे. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. या घरात मला जमणारं काहीतरी निघालं.

हे आठशे एक कधी, तर तिनं वर्षाच्या करमाफीचा (ठरावीक कमाईपर्यंत टॅक्स नाही) फायदा या नोकरीवर घेतला तर. नाही घेतला तर टॅक्स जवळजवळ तिप्पट. मग हातात सातशे पडायला नऊशे चौऱ्याहत्तर द्यावे लागतात. तिची ही एकच नोकरी, म्हणजे फायदा घ्यायचाच. फॉर्मवर तिनं ‘हो’ला खूण केली की झालं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

लिहू की नको, दिवसभर चाललंय.

सकाळी सईला मांडीवर घेऊन जोसेफिन फॉर्म भरायला बसली. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झालं. मग त्या करमाफीच्या प्रश्नाशी थांबली. ‘सुहासिनीताई, हितं हो लिहू का नाय? मला टॅक्सची भाषा कळत नाय. तुमी त्यातल्या.’

सई तिच्या बोटातली अंगठी चोखत होती.

मी म्हटलं, ‘नाही लिही.’

तिनं लिहिलं. थँक्यूही म्हणाली.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

रुचाला आकडा दिला. नऊशे चौऱ्याहत्तर. वर सुपर, म्हणजे तिच्या म्हातारपणासाठी भरायचे ते वेगळे. रुचा कागदाकडे बघत राहिली. ‘एवढे? बघितलंस ना नीट?’

‘मला शिकवू नकोस,’ म्हटलं.

आता जोसेफिनला नाही म्हणेल. परवडणार नाहीच. मग सई दिवसभर माझी.

शनिवार, २० फेब्रुवारी

नाही म्हटलं नाही. पैसे पुरवायला रुचानं शनिवारच्या जादा शिफ्ट घेतल्या! आज पहिली. मी म्हटलं, ‘अगं, त्यापेक्षा मी सांभाळते की.’ बूट घालता घालता म्हणाली, ‘जोसेफिन आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे, आई. ती गेली तर मी मोडेन.’

सई दारात रडली. मी उचललं तर आणखी रडली.

बुधवार, २४ फेब्रुवारी

रुचा जेवता जेवता ताटावरच पेंगली. हातातला घास तसाच. तोंडावर मास्कचे वळ. चौतीस वर्षांची आहे, चव्वेचाळीसची दिसत होती.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

आज रुचा आल्यावर जोसेफिन म्हणाली, ‘रुचा, तू शनिवारी जाऊ नको. मला सहाशे दे. चालतील मला.’

रुचानं तिला मिठीच मारली. दीड मीटर अंतराचे नियम विसरून. ‘नाही, ठरलंय ते ठरलंय,’ म्हणाली.

मी भाजी निवडत होते. एकदाही मान वर केली नाही. हिच्या जागी मी असते तर शंभर डॉलर सोडले असते का? नसते सोडले. त्याचाही राग आला. पैशाच्या बाबतीत तरी ही माझ्याहून लहान निघायला हवी होती!

सोमवार, १ मार्च

सकाळी रुचाला सांगितलं. सगळं. फॉर्म, ‘नाही’, आठशे एक.

तिनं हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, ‘दोन शनिवार, आई. दोन शनिवार मी सईला सोडून गेले.’

‘मला वाटलं तू तिला काढशील.’

‘मग तसं म्हणायचंस ना. भांडायचंस माझ्याशी.’

‘तू मला काही सांगत नाहीस. तिला सांगतेस.’

‘तुला सांगितलं की तू झोपत नाहीस. बी.पी. वाढतं. म्हणून नाही सांगत गं.’ तिनं किल्ल्या उचलल्या. ‘आकडा मी बदलते. जोसेफिनला तू सांग. मी सांगणार नाही.’

दिवसभरात धीर झाला नाही.

मंगळवार, २ मार्च

सई झोपल्यावर जोसेफिनपुढे कोरा फॉर्म ठेवला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘ताई, मुलगा सांगत होता, जास्तीचा टॅक्स कापला ना, तो हितलं टॅक्सचं वर्ष जूनला संपलं की सगळा मलाच परत मिळनार. तुमी मुद्दाम माझ्यासाठी तसं लिहायला लावलंत. मला बोलूनही दाखवलं नाय. म्हनून मी सहाशे म्हटलं, मला काय कमी पडनार होतं?’

तीन आठवडे ही मला चांगली समजत होती.

मी म्हटलं, ‘नाही गं. तू जावीस म्हणून केलं.’

तिनं फॉर्म पुढ्यात ओढला. मी सांगितलं, आता इथे ‘हो’ लिही. तिनं पेन घेतलं नाही. फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

‘मुलाला दाखवून आनते,’ म्हणाली.