अमिरुनने सांगितलेला अर्थ

मी, ठमाबाई रामचंद्र घरत, वय ७३, राहणार उरण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत, कोणाचेही दडपण नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर माझ्यामागे मुलगी रुचिता हिचे. ज्या जागेवर ते उभे आहे ती माझ्या वडिलांची. ती मला कशी मिळाली, हे रुचिताला ठाऊक असावे म्हणून लिहिते.

वडील वारल्यावर भाऊ बुधाजी आणि त्याचा मुलगा पियूष इंग्रजीत टाइप केलेला कागद सहीसाठी घेऊन आले. वर ‘रिलीज डीड’ असे लिहिले होते. मी अर्थ विचारला. पियूष न्हावा शेवा बंदरात कामाला. तो म्हणाला, “आत्या, कंटेनर रिलीज झाला की माल पार्टीच्या ताब्यात येतो. तशी तुझी जमीन रिलीज होईल.” तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याच्या कामात अर्थ तोच. बुधाजी मात्र खाली बघत होता.

मी पेन उचलले. शेजारची अमिरुन्निसा विरजण मागायला आली होती, ती दारातच थांबली. “ठमाबाय, माज्या इक्बालला कुवेतच्या कंपनीनं रिलीज दिला, म्हंजे त्याचा तिथला हक संपला. हितं कोनाचा संपतोय ते बघ आदी.”

बुधाजी म्हणाला, “आमच्या घरच्या गोष्टीत तू बोलू नकोस.”

“बरं. मंग तुम्ही सांगा तिला.”

बुधाजीने कागद माझ्यापुढे सरकवला. अमिरुनने कागद घेतला, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, “तुझा संपतोय.”

मी सही केली नाही. पुढे रीतसर वाटणी झाली. आमच्या भांडणात पडून अमिरुनला काही मिळणार नव्हते, तरी ती बोलली. तेवढी हिंमत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

२. घराची पडवी अमिरुन्निसाच्या वर्गाला द्यावी. तिथे ती आळीतल्या बायकांना रोजचे इंग्रजी शब्द शिकवते. फोन चार्ज होतो, डॉक्टर चार्ज घेतात, पोलीस चार्ज लावतात. कुठला कुठे, ते ती हसत समजावते. भाडे घेऊ नये. मी ‘तिच्या हयातीपर्यंत’ लिहिले होते. तिने विचारले, “माज्यामागं बायका कुठं बसतील?” म्हणून ते खोडून ‘वर्ग चालेल तोवर’ केले आहे. खोडल्या जागी माझी सही आहे.

३. माझी पाटल्यांची जोडी पियूषची बायको रुचिका हिला. ती सासऱ्याचा राग सोसून वर्गाला येते.

४. बुधाजीला त्याचा वाटा मिळालेला आहे. तो माझ्याशी बोलत नाही. रुचिता, मामा दारात आला तर आत बसव, चहा दे. कागद घेऊन आला तर आधी वाच, मग चहा ठेव.

ठिकाण : उरण
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

सही : ठमाबाई रामचंद्र घरत

आम्हां दोघांसमक्ष सही केली :
१. भाविका प्रणय ठाकूर
२. गणराज भिकू म्हात्रे