डॉकच्या रस्त्यावरची खिडकी

साउथहॅम्प्टन
१२ मे २०२२

प्रिय लीयाताई,

शालोम. आम्ही बरे आहोत. बेसिंगस्टोकचं तुझं नवं घर लावून झालं असेल. फोनच केला असता, पण फोनवर बोलताना अविवा शेजारी असते, म्हणून लिहितोय.

बातमी चांगली आहे. आमच्या मीकाला लॉरीचं काम परत मिळालं. बंदरात इतका माल येतोय की ड्रायव्हर पुरत नाहीत. क्रूझची मोठी जहाजंही परतली. शनिवारी आमच्या रस्त्यावर टॅक्सींची रांग लागते. लॉकडाऊनमध्ये मीका आमच्या सोफ्यावर पडून छताकडे बघत असायचा. ते आठवलं की हा गोंगाट बरा वाटतो. आता तो स्वतःच्या फ्लॅटवर राहायला गेलाय.

अविवाचा दमा मात्र उलटलाय. रस्ता मोकळा होता तेव्हा ती बागेत गुणगुणत कपडे वाळत घालायची. इनहेलर कुठे ठेवलाय तेही विसरली होती. आता खिडकीची चौकट पुसली की फडकं काळं होतं. सकाळी मीका लॉरी घेऊन खालून जातो, हॉर्न देतो. अविवा खिडकी उघडून हात हलवते. मग खिडकी लावते आणि श्वास सापडेपर्यंत पलंगावर बसून राहते.

"उघडू नकोस," मी म्हटलं.

"बंद काचेतून मी त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "आणि अहो, त्याला यातलं काही सांगू नका. तो काम सोडेल. मग पुन्हा तो सोफा."

मार्चमध्ये ती हॉस्पिटलात होती. तुला आणि मीकाला चेकअप म्हणून सांगितलं. तो चेकअप नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या रस्त्यापासून लांब राहायला हवं.

तिला तुझ्याकडे ठेवशील? मीकाला सांगू, आत्याला नव्या घरात सोबत हवी आहे. मी इथेच राहतो. दोघंही निघालो तर तो काय ते ओळखेल.

उन्हाळा संपला की न्यायला येईन, असं मी अविवाला म्हटलंय. तिने बॅगही तेवढीच भरली. तिचा थंडीचा कोट मी तिच्या नकळत तळाशी घातलाय. बॅग तूच उघड.

तुझा भाऊ,
सोलोमन